दादाचा पाय

भाऊबीजेच्या दिवशी दादानं मला लाथ मारली. ओवाळून झालं होतं, त्यानं ताटात ओवाळणी टाकली होती आणि मी दरवर्षीसारखी त्याच्या पाया पडायला वाकले. माझी बोटं त्याच्या घोट्याला लागली मात्र, त्याचा पाय असा उसळला की मी मागं भिंतीवर आदळले. निरांजन उलटलं. तेल सारवलेल्या जमिनीवर पसरलं. दादा माझ्याकडं बघत होता, पण त्याला मी दिसत नव्हते. मग तो उठला आणि अंगणात जाऊन गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिला. वहिनी फडक्यानं तेल पुसत राहिली. मला लागलं का, हे तिनं बऱ्याच वेळानं विचारलं. तिला या सगळ्याची सवय झाली होती, हे मला तिच्या त्या सावकाश पुसण्यावरून कळलं.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच मला वाढवलं, मंद्रूपहून सोलापूरला शिकायला ठेवलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, नवी पेठेच्या मागच्या बोळात दोन खोल्या घेऊन राहू लागले, लग्न केलं नाही. दादा मला चारचौघांत 'मास्तरीण' म्हणून हाक मारायचा आणि वर विचारायचा, "काय मास्तरीण, आज किती पोरं बडवली?" तो स्वतः विहिरी खणणाऱ्या टोळीचा मुकादम होता. अख्ख्या पंचक्रोशीतल्या विहिरी त्याच्या टोळीनं खणल्या आणि आमच्या स्वतःच्या शेतातली विहीर मात्र कायम अर्धवट राहिली होती. बहात्तरच्या दुष्काळात लोक रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन खडी फोडायला जात होते, तेव्हा कुठं त्यानं ती मनावर घेतली.

त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार होता. दोघं लहानपणापासूनचे. एकाच शाळेतून पळालेले, एकाच दिवशी टोळीत लागलेले. एका सकाळी विहिरीची एक बाजू ढासळली. जोडीदार पूर्ण गाडला गेला, दादा छातीपर्यंत. वरच्या माणसांनी माती उपसून दादाला दुपारी बाहेर काढलं, जोडीदाराला संध्याकाळी. दादाच्या अंगाला नुसतं खरचटलं होतं. आम्हाला त्या दिवसाचं एवढंच ठाऊक होतं, कारण त्यापुढं दादा काही बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आमच्या घराची रीतच ती. वाईट घडलं की त्याचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की ते पुन्हा दारात येतं, असं आई मानायची आणि आईमागं आम्हीही मानत आलो. त्यामुळं पुढं त्याच विहिरीला आपोआप पाणी लागलं, चांगलं पुरुषभर पाणी, आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया तिथं हंडे घेऊन यायला लागल्या, तरी दादाला कुणी ते सांगितलं नाही. आमचं घर गावात, विहीर शेतात. दादा शेताकडं फिरकतच नव्हता. वहिनी म्हणाली, "त्यांच्या म्होरं हिरीचं नाव काढायचं न्हाय. कोरडी हाय म्हणून बसू द्या. पाणी लागलंय म्हणलं तर अजून जीव जाळतील." मला ते पटलं. माणूस गेला आणि वर त्याच खड्ड्याचं पाणी सगळे पितात, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

भाऊबीजेच्या आधी उपचार झाले नव्हते असं नाही. गावातल्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. देवऋषी झाला, अंगारे झाले, कोंबडं झालं. मग मी रजा काढून त्याला बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं विजेचे झटके दिले. परत आल्यावर काही दिवस तो शांत होता. आपल्या बैलांची नावंही त्याला आठवेनात. मग हळूहळू बैलांची नावं आठवली आणि त्यांच्यामागोमाग रात्री झोपेतून ओरडत उठणंही परत आलं. एवढ्या सगळ्यात विहीर तेवढी तो एक दिवसही विसरला नव्हता. लोक म्हणायला लागले, सगळं करून झालं. वहिनीचा भाऊ म्हणाला, मी म्हणाले, आणि शेवटी वहिनीही म्हणाली. 'सगळं करून झालं' असं म्हटलं की एक प्रकारचा आराम वाटतो, हे मी नाकारणार नाही.

लाथेनंतर मात्र वहिनी घाबरली. घरात लहान लेकरं होती. ती म्हणाली, "ताई, तुमी घेऊन जावा यास्नी. बरं झालं तर येतील. न्हाय झालं तर..." पुढचं तिनं गिळलं. दादा स्वतःच्या घरात पुन्हा कधी राहू शकेल की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो माझ्या पदरात टाकून ती चुलीकडं वळली.

दादा माझ्याकडं आला. दोन खोल्यांपैकी एकीला खिडकी नव्हती, तिथं तो पाऊल टाकायचा नाही. बाहेरच्या खोलीत दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याला पाठ टेकून बसायचा, झोपायचाही तसाच. थंडीत अंगावर चादर घेतली तरी छातीच्या वर येऊ द्यायचा नाही. पहिल्याच सकाळी मी अंगणात सडा टाकला आणि रांगोळी काढायला बसले, तर आतून ओकारीचा आवाज आला. ओल्या मातीचा वास. मी दुसऱ्या दिवसापासून सडा बंद केला. बोळात एक पाण्याचा नळ दुरुस्त करायला खड्डा खणला, तेव्हा मी दादाला त्या दिवसापुरतं देवळात नेऊन बसवलं. शेजारणीच्या घरी खलबत्त्याचे ठोके पडले तरी मी तिला हात जोडायची. कुणी पाया पडायला वाकलं की मी मध्ये जायची. माझी अख्खी अक्कल दादाला काय काय भेटू नये यातच खर्च होत होती. शाळेतून घरी येताना बोळाच्या तोंडाशी माझे पाय जड व्हायचे. मला दादाचा कंटाळा यायचा आणि मग कंटाळा आला म्हणून रडू यायचं.

आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला नवी पेठेतल्या एका डॉक्टरांचं सांगितलं. कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायचे, मनाच्या दुखण्यांचे. मी म्हटलं, बाई, सगळं करून झालंय. त्या म्हणाल्या, "मग हेही कर आणि मग म्हण."

गेलो. दुकानाच्या बाजूनं जिना होता, अरुंद आणि काळोखा. दादानं त्या जिन्याकडं पाहिलं आणि तो रस्त्यातच उभा राहिला. सायकली, हातगाड्या, लग्नाची खरेदी करणाऱ्या बाया, सगळे त्याला धक्का देऊन जात होते. तो हलेना. मी एकटी वर गेले आणि चिडून म्हणाले, "पेशंट खाली आहे. वर येत नाही. येणारही नाही." डॉक्टर चष्मा पुसत होते. अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडी हेल. "मग आपण खाली जाऊ की," असं म्हणत ते उठले. दुकानाच्या मागं उघडी जागा होती, तिथं कापडाचे गठ्ठे उतरवायचे. डॉक्टर एका गठ्ठ्यावर बसले, दादाला दुसऱ्यावर बसवलं. पुढं कितीतरी आठवडे दादाचा दवाखाना तिथंच भरला.

त्यांनी सगळ्यात आधी आत्तापर्यंत काय काय केलं ते विचारलं. मला वाटलं, हे ऐकून तेही मान हलवतील. ते एकेका गोष्टीवर अडून बसले. कुठल्या गोळ्या, किती दिवस घेतल्या, कुणासमोर घेतल्या?

दादा खाली बघूनच बोलला. "घेतल्या न्हाईत. गालात धरायच्या आन भायेर जाऊन थुकायच्या."

मी कपाळाला हात लावला. वहिनी त्या गोळ्या रोज हातावर ठेवायची, वर दूध द्यायची.

"का थुकायचात?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपलो की तितंच जातोय. जागा असलो की निदान वर तरी असतोय."

डॉक्टरांनी मान हलवली, पण ती वेगळी होती. "म्हणजे औषध हरलं नाही बघा. ते पोटात गेलंच नाही. झटके दिले, ते दुसऱ्या दुखण्याला चांगले, ह्यांचं दुखणं ते नव्हे. मग काय काय करून झालं म्हणता तुम्ही?" हे मला उद्देशून होतं. मला रागच आला. मी म्हटलं, आणि तुमचंही लागू पडलं नाही तर? ते म्हणाले, "तर दुसरं बघू. गोळी बदलू, नाहीतर बोलणं बदलू, नाहीतर दोन्ही जोडून देऊ. ह्यांना बरं वाटेपर्यंत मी काय दुकान बंद करत नाही की."

त्यांनी नवी गोळी दिली. ती झोपेची नव्हती. ती रोज माझ्यासमोर घ्यायची आणि तोंड उघडून दाखवायचं. दादानं पहिल्या दिवशी जीभ बाहेर काढून दाखवली आणि म्हणाला, "मास्तरीण, आता पाढे बी म्हणू का?" कित्येक महिन्यांत त्यानं केलेली ती पहिली थट्टा. गोळीनं त्याचं तोंड कोरडं पडायचं, मग मी त्याला आवळासुपारी आणून द्यायची. ओरडणं थोडं कमी झालं, थोडंच. मला वाटलं, झालं, हीच ती गोळी. डॉक्टर म्हणाले, "गोळीनं जमीन जरा भुसभुशीत झाली. नांगरायचं अजून आहे."

ते नांगरणं मला मुळीच आवडलं नाही. दर आठवड्याला दादानं त्या सकाळची गोष्ट सांगायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि घरचं एक माणूस जवळ बसायचं. दुसरीकडं घरी ज्या गोष्टींची त्याला भीती वाटते त्यांच्याजवळ थोडं थोडं जायचं, सगळ्यात सोप्या गोष्टीपासून. मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही इतके दिवस त्याला जपतोय, आणि तुम्ही नेमकं तेच पुढं आणून ठेवायला सांगता? ते म्हणाले, "तुम्ही ह्यांना जपलं नाही बाई. तुम्ही ह्यांच्या भीतीला पाट मांडून बसवलंय, वर ताट वाढलंय. ती कशाला जाईल?"

बोळापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. पण घरी येऊन एका परातीत कोरडी माती घेतली आणि दादापुढं ठेवली.

कोरडी माती जमली. त्यात हात घालून तो बसायचा, मी पोरांच्या वह्या तपासायची. मग मातीवर चमचाभर पाणी. त्या दिवशी तो उठून थेट एस.टी. स्टँडवर गेला आणि त्याला शोधता शोधता माझ्या पायांचे तुकडे पडले. सापडला तेव्हा मंद्रूपच्या गाडीच्या बाजूला उभा होता, चढत नव्हता. पुढचे काही दिवस आधीपेक्षाही वाईट गेले. मी डॉक्टरांना सांगितलं की हे थांबवा. त्यांनी थांबवलं नाही, वेग कमी केला. चमचाभर पाणी जड झालं तर बोट बुडवून शिंपडा म्हणाले. असं आमचं चाललं. मग चमचा जमला, मग वाटी. आणि एका सकाळी मी बादली घेऊन अंगणात गेले, दादाला बादलीची कडी धरायला लावली आणि दोघांनी मिळून सडा टाकला. त्याला घाम फुटला होता. ओठ पांढरे झाले होते. तो ओकला नाही. शेजारीण दारातून बघत होती, ती म्हणाली, "अगं बाई, भावाकडनं सडा टाकून घेतेस?" मी म्हटलं, टाकून घेते, तुमच्याही अंगणात पाठवू का?

गोष्ट सांगणं मात्र अवघड. पहिल्यांदा दादानं सांगितलं ते एवढंच, "दरड पडली, त्यो गेला, मी ऱ्हायलो." डॉक्टर म्हणाले, "बरं. पुढल्या वेळी जरा सावकाश." पुढल्या वेळी त्यात सकाळची भाकरी आली. त्याच्या पुढल्या वेळी जोडीदाराचं गाणं, त्याची फाटकी बंडी. दादा डोळे मिटून सांगायचा, गठ्ठ्याची दोरी मुठीत धरून. दुकानातला माणूस कधी माल उतरवायला यायचा, आम्हाला बघून परत जायचा. मी तिथं बसून बसून इतकी थकायची की नंतर घरी चूल पेटवायची इच्छा व्हायची नाही. दोघं पेठेत मिळेल ते खाऊन यायचो.

आणि मग एके दिवशी त्यात पाय आला.

"मी छातीपातूर दाबलेलो," दादा म्हणाला. "त्यो माझ्या खालच्या अंगाला. दिसंना. पर त्यानं माझा पाय धरलेला. हितं." त्यानं स्वतःच्या घोट्याकडं बोट दाखवलं, हात लावला नाही. "लई घट्ट धरलेला. मी म्हणत व्हतो, सोडू नगंस, माणसं आल्यात वर. त्यो धरून व्हता. मग ढिला झाला. मग परत धरला. मग ढिलाच झाला."

मला भाऊबीजेचं ताट आठवलं. आपल्याकडं लहान माणूस मोठ्याला भेटलं की आधी हात घोट्यालाच जातो. सणाला, परीक्षेला जाताना, गावाहून आल्यावर, गावाला जाताना. दीड वर्ष आम्ही सगळे त्याचे लाडके, एकामागून एक येऊन त्याचा तोच घोटा धरत होतो आणि त्यानं पाय झटकला की म्हणत होतो, बाहेरचं काहीतरी आहे. मी तिथंच तोंडाला पदर लावला आणि रडले.

डॉक्टरांनी त्यानंतर पायाचंही घेतलं. आधी मी लांबून तांब्यानं पाणी ओतायचं. मग ओल्या फडक्यानं पुसायचं. मग हातानं. हाताला खूप दिवस लागले, आणि तेव्हाही त्याचा पाय आखडायचा आणि तो म्हणायचा, "बास. बास की." मी लगेच हात काढायची. तसं ठरलंच होतं.

तरी काहीतरी अडत होतं. सांगता सांगता तो एका ठिकाणी नेहमी उडी मारायचा. सकाळची भाकरी खाऊन खाली उतरले, आणि लगेच दरड. मधला वेळ नव्हताच. डॉक्टर विचारायचे, मध्ये काय झालं? दादा म्हणायचा, काय न्हाय. एक दिवस तो भडकलाच. "एवढं करून काय उपेग? त्यो गेलाच की! फुकट गेला!"

मला ते ऐकवेना. त्याचा जोडीदार कोरड्या खड्ड्यात फुकट गेला असं मानून हा माणूस कुजतोय, आणि पाणी आहे हे मला ठाऊक आहे. वहिनीनं बजावलेलं मी विसरले. म्हणाले, "दादा, फुकट नाही गेला. विहिरीला पाणी लागलंय. चिक्कार. सगळी वस्ती भरते तिथं."

मला वाटलं होतं तो चमकेल, रडेल. तो माझ्याकडं बघून अगदी थकलेल्या आवाजात म्हणाला, "ठाव हाय मला. तुमच्या आदी मीच बघितलंय."

सकाळी खाली उतरल्यावर बाजूच्या मुरमात ओल दिसली होती. हात लावला तर गार. दोघं पोरांसारखे नाचले. मग जोडीदार म्हणाला, ओल सुटली, बाजू भिजली, आज वर जाऊ, बाजूला लाकडांचा आधार लावून घेऊ. दादा म्हणाला, अजून दोन पाट्या माती काढू, झरा उघडा करू, मग जाऊ. दुसरी पाटी भरत असताना बाजू अंगावर आली.

"मी हसत व्हतो," दादा म्हणाला. "दरड आली तवा मी हसत व्हतो. आन तुमी सगळी गप. मला वाटलं, सगळ्यास्नी कळलंय. पाण्यापायी ह्यानं माणूस घालवला, म्हणून हिरीचं नाव बी कुणी काढत न्हाय."

आम्ही त्याला दुःख नको म्हणून गप्प होतो, आणि आमच्या त्या गप्प बसण्यात तो स्वतःवरचा निवाडा ऐकत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि त्याला विचारलं, "पाणी दिसल्यावर आजवर किती वेळा तुम्ही लगेच वर आलात हो?" दादानं विचार केला. "कदीच न्हाय. पाणी दिसल्यावर कोण वर येतंय?" "आणि दरड किती वेळा आली?" दादानं एक बोट वर केलं. डॉक्टर म्हणाले, "आज एवढंच. पुढल्या वेळी ओल दिसली तिथनं सुरू करायचं."

त्यानं सुरू केलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. ते सोपं कधी झालं नाही, पण सांगून झाल्यावर तो पाणी मागायला लागला, पेठेतून चालताना दुकानांकडं बघायला लागला. एक दिवस डॉक्टरांनी त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं. पुढं कधीतरी तो वर पोचला. बिनखिडकीच्या खोलीत दार उघडं ठेवून झोपला. मुख्याध्यापिका बाईंच्या घराच्या मागं आड होता, तिथं आम्ही रविवारी जायचो, बाई चहा द्यायच्या आणि दादा आडापासून लांब खुर्ची टाकून बसायचा. पुढल्या खेपेला खुर्ची थोडी पुढं.

मग डॉक्टर म्हणाले, आता मंद्रूप. त्यांचं सगळं ठरलेलं असायचं. शेताच्या बांधावर जे लिंबाचं झाड आहे तिथपर्यंत जायचं, बसायचं, जीव शांत होईपर्यंत उठायचं नाही, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. विहिरीजवळ जायचं नाही. घाई करायची नाही.

आम्ही गेलो. वहिनीला निरोप दिला होता, ती बांधावर येऊन थांबली होती, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत. तिघं लिंबाखाली बसलो. विहीर समोर दिसत होती. दादानं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते, पण तो बसला होता. मी मनात म्हटलं, एवढं झालं, आता गाडीची वेळ झाली की सुटलो.

तेवढ्यात विहिरीच्या पायऱ्यांवरून एक म्हातारी हंडा कमरेवर घेऊन वर आली. जोडीदाराची आई. वहिनीचा चेहरा उतरला. ती माझ्या कानाशी म्हणाली, "रोज येती ती पाण्याला. मी सांगितलं न्हाय तुमास्नी." घ्या, अजून एक न सांगितलेलं.

दादानं तिला पाहिलं आणि तो उभा राहिला. मला वाटलं, पळणार. तो पळाला नाही, त्याला हलताच येत नव्हतं. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ती सरळ आमच्याकडंच आली. हंडा खाली ठेवता ठेवता स्वतःही धापा टाकत त्याच्या पायाशी बसली.

"कवा आलास?" ती म्हणाली.

डॉक्टरांपुढं इतक्या वेळा सांगितलं होतं तसंच दादानं एकदम सांगितलं. "मावशी, त्यो वर जाऊ म्हणत व्हता. मी म्हणलो अजून दोन पाट्या."

म्हातारी हंड्यातल्या पाण्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही ऊर बडवून घेणार.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "त्यो भ्यायचा लई. लहानपनापासनं. तू फुडं, त्यो मागं." पदरानं तोंड पुसलं. "लई राग आला व्हता मला तुजा. अजून बी येतोय. पर पाणी तर न्ह्यायलाच लागतंय की."

ती उठायला लागली. गुडघ्यांनी साथ दिली नाही. तिनं आधाराला हात पुढं केला आणि जे हाती आलं ते धरलं. दादाचा घोटा. घट्ट.

मी उठले. वहिनी उठली. दादाचं सगळं अंग ताठ झालं, मान मागं गेली, पाय जमिनीवरून सुटला असं मला स्पष्ट दिसलं. सुटला नव्हता. टाच वर आली आणि परत खाली टेकली.

"बघत काय ऱ्हायलास?" म्हातारी खालून म्हणाली. "वर घे की रं मला."

दादा वाकला. तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला वर घेतलं. उभी केल्यावरही त्यानं तिला सोडलं नाही. तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडत होता आणि म्हातारी त्याच्या पाठीवर थापट्या मारत, हंडा सांडंल, हंडा सांडंल, असं म्हणत होती.

मग त्यानं तो हंडा उचलून तिच्या कमरेवर दिला आणि ती गेली.

आम्ही पुन्हा लिंबाखाली बसलो, जीव शांत होईपर्यंत, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. ऊन कलंडलं. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, दादा, गाडीची वेळ झाली. तो शेतातल्या वाळलेल्या धसकटांकडं बघत होता. म्हणाला, "तू जा मास्तरीण. उद्या तुजी शाळा हाय." वहिनीनं झटकन तोंड दुसरीकडं केलं. मी गोळ्यांची बाटली पिशवीतून काढून तिच्या हातात दिली. रोज तोंड उघडून बघायचं, आणि दर आठवड्याला डॉक्टरांकडं धाडायचं, हे दोनदा बजावलं.

गाडीत मला खिडकी मिळाली आणि सोलापूर येईपर्यंत मी मेल्यासारखी झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बादली भरली आणि अंगणात आले. कडी धरायला दुसरा हात नव्हता. मी एकटीनंच सडा टाकला.